ड्रोन उडवा, पण विमानतळापासून लांब!

डिसेंबर २०१८. नाताळच्या सुट्टीला निघालेल्या माणसांनी लंडनजवळचा गॅटविक विमानतळ गजबजला होता. १९ तारखेच्या रात्री धावपट्टीजवळ ड्रोन दिसल्याची खबर आली आणि विमानांची ये-जा ठप्प! दुसरा दिवसही तसाच गेला. जवळजवळ एक हजार उड्डाणे रद्द झाली किंवा दुसरीकडे वळवावी लागली. सुमारे १ लाख ४० हजार प्रवाशांचे हाल झाले. ड्रोन कुणाचा, हे पोलिसांना शेवटपर्यंत कळले नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा ड्रोनला एवढं मोठं विमान कशाला घाबरतं? दोस्तांनो, विमानाला साधा पक्षी धडकला तरी नुकसान होते. ड्रोनमध्ये तर मोटारी आणि बॅटरी असे टणक भाग! ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक शहरात उतरायला निघालेल्या एका लहान प्रवासी विमानाला ड्रोन धडकला. नशीब, की विमानातले आठही जण सुखरूप उतरले.

बरं, धोका फक्त धावपट्टीवरच असतो असंही नाही. उतरणारे विमान खूप आधीपासून खाली येऊ लागते. धावपट्टी पाच किलोमीटर दूर असते, तेव्हा ते साधारण २६० मीटर उंचीवर आलेले असते!

म्हणूनच आपल्या देशात २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाला तीन रंग दिले.

लाल : केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही.

पिवळा : विमानांच्या वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या नियंत्रण कक्षाची परवानगी हवी.

हिरवा : १२० मीटर उंचीपर्यंत परवानगी लागत नाही. मात्र विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा फक्त ६० मीटर. त्याहून जवळ असाल, तर परवानगीशिवाय ड्रोन पेटीतच राहू द्या!

अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या छोट्या ड्रोनला चालकाचा परवाना लागत नाही. पण म्हणून तो विमानतळाजवळ उडवायला मोकळीक आहे, असे मुळीच नाही. मोठ्या ड्रोनच्या परवान्यासाठी वय १८ पूर्ण हवे.

तेव्हा उडवण्याआधी आई-बाबांबरोबर 'डिजिटल स्काय'चा रंगीत नकाशा पाहा. ड्रोन नजरेआड जाऊ देऊ नका. आणि विमानाचा किंवा हेलिकॉप्टरचा आवाज कानावर आला, की ड्रोन लगेच खाली घ्या. वरच्या विमानात कुणाची तरी आई, कुणाचे तरी बाबा असतात!