दगडाखालची वस्ती

ओहोळाच्या तळाचे किडे गोळा करायचे तर आधी जाळं कुठे टेकवायचं ते ठरवायचं. अलिबागजवळच्या सागरगडाच्या पायथ्याशी, खंडाळ्याच्या अंगाला, धोंदाण्याच्या धबधब्याचं पाणी उतरून जरा सपाटीला लागतं, तिथे ओहोळ दोन तऱ्हांनी वाहतो. काही ठिकाणी गोट्यांवरून खळखळत, काही ठिकाणी कातळाच्या आडोशाला थबकत. खळखळाटात हवा पाण्यात मिसळते, म्हणून तिथे प्राणवायू भरपूर असतो. थबकलेल्या पाण्यात पाला कुजतो, गाळ बसतो. दोन्हीकडची वस्ती वेगळी, म्हणून नमुनेही वेगळे घ्यायचे. सुरुवात खालच्या बाजूने करायची आणि वर चढत जायचं. उलट केलं तर वर ढवळलेला गाळ आणि सुटलेले किडे वाहत येऊन खालच्या नमुन्यात मिसळतात आणि सगळीच नोंद बिघडते.

जाळं इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं असतं. त्याची सपाट कड तळाला घट्ट टेकते. कापडाची भोकं अर्ध्या मिलिमीटरची. जाळ्याचं तोंड येणाऱ्या प्रवाहासमोर धरायचं, त्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं आणि पायांनी तळाची खडी घुसळायची. ठरलेला वेळ तीन मिनिटं. हे काम पाहायला गमतीचं वाटतं, पण नोव्हेंबरच्या पाण्यात शेवाळलेल्या गोट्यावर तोल सांभाळत, जाळं न उचलता, सारख्याच जोराने पाय चालवणं सोपं नाही. खडी झाली की मोठे दगड हाताने उचलायचे, त्यांचं पोट हळूच ब्रशने झाडायचं आणि दगड होता तसा परत ठेवायचा. हा शेवटचा नियम सोबत येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी सगळ्यात आधी सांगतो. उलटा ठेवलेला दगड म्हणजे छप्पर उडालेली वस्ती.

मग पांढरा ट्रे. जाळं त्यात उलटं केलं की पहिल्यांदा फक्त कचरा दिसतो: करंजाची पानं, वाळू, काड्या, शेवाळाचे तुकडे. घाई करणारा माणूस इथेच ‘काही नाही’ म्हणून ट्रे ओतून देतो. दोन मिनिटं गप्प बसलं की कचरा चालू लागतो.

पहिली हलतात ती बहुधा मेफ्लायची पिल्लं. वेगवान पाण्यात राहणाऱ्या जातींचं अंग इतकं चपटं असतं, की दगडाला बिलगल्यावर प्रवाह त्यांच्यावरून निसटून जातो. पोटाच्या दोन्ही बाजूंना पातळ कल्ल्यांची रांग असते आणि ती सतत थरथरत असते. पाण्यात त्यांचे काही आठवडे, काही महिने जातात. पंख फुटून बाहेर आल्यावर मात्र त्यांना चालतं तोंडच नसतं. खाणं संपलेलं, उरतं फक्त जोडीदार शोधणं आणि अंडी घालणं, तेही बहुधा एखाद्या दिवसात. पंख आल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकांमधला हा एकमेव गट.

मग दिसते कॅडिसफ्लायची अळी, किंवा खरं तर तिचं घर. ही अळी तोंडातून रेशीम काढते. काही जाती त्या रेशमाने वाळूचे कण जोडून नळी बांधतात आणि तिच्यात राहतात. काही दोन गोट्यांच्या फटीत बारीक जाळं विणतात आणि प्रवाहातून येणारं खाणं त्यात अडकायची वाट पाहतात. एक गट तर वाळूच्या कणांची गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली घरकुलं करतो. 1834 साली आयझॅक ली या अमेरिकी शास्त्रज्ञाने असं घरकुल पाहून ती गोगलगायच समजली आणि तशी नोंदही केली. आत किडा आहे हे नंतर कळलं. मी भिंगातून हे घरकुल जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा ली यांची चूक मला अगदी स्वाभाविक वाटते.

दगडाच्या पोटाला चिकटलेली एक गोल, चपटी, तपकिरी चकती असते. नखाने खरवडली तरी सहज सुटत नाही. झिजलेल्या तांब्याच्या पैशासारखी दिसणारी ही एका भुंग्याची अळी. उलटी केली तर खाली सहा पाय हलताना दिसतात. स्वच्छ दगडावरचा शेवाळाचा पातळ थर खरवडून ती जगते. दगडावर गाळाचा लेप बसला की तिचं खाणं संपतं आणि तीही संपते.

ट्रेच्या कोपऱ्यात शिकारी असतात. टाचणीच्या पिल्लाला बऱ्याच जातींत शेपटाशी पानासारखे तीन कल्ले असतात. चतुराचं पिल्लू दांडगं. त्याचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली दुमडलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आलं की तो झटक्यात पुढे येतो आणि टोकाच्या आकड्यांत भक्ष्य धरून मागे जातो. धोका दिसला की हे पिल्लू पोटातलं पाणी मागून जोराने सोडतं आणि पुढे झेपावतं. पृष्ठभागावरच्या निवळ्या जाळ्यात क्वचितच सापडतात, त्या आधीच सटकलेल्या असतात. संथ पाण्यात पाणढेकूण मिळाला तर त्याची पाठ पाहावी. काही जातींत मादी नराच्या पाठीवरच अंडी चिकटवते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत नर ती वागवत फिरतो.

निवडून घेतलेले नमुने सत्तर टक्के अल्कोहोलच्या कुपीत जातात, बाकीचे सगळे परत ओहोळात. कुपीत कागदाची चिठ्ठी टाकायची. तिच्यावर जागा, तारीख आणि पाण्याचा प्रकार, तोही पेन्सिलीने, कारण अल्कोहोलमध्ये शाई विरघळते. चिठ्ठी नसलेली कुपी म्हणजे नुसता मेलेला किडा. त्याचा विज्ञानाला काही उपयोग नाही.

‘काय शोधताव?’ असं विचारणारं कोणीतरी भेटतंच. वाडीवरची खेकडे धरायला आलेली बाई असते, गुरं घेऊन आलेला मुलगा असतो. ट्रे दाखवला की त्यांना नवल वाटत नाही. यातलं बरंचसं त्यांनी पाहिलेलं असतं. कोणत्या दगडाखाली काय सापडतं, कोणता डोह मे महिन्यातही आटत नाही, हे आदिवासी वाडीवरच्या माणसांना जितकं ठाऊक असतं तितकं कोणत्याही नकाशात नसतं. हे ज्ञान आपण कुठे लिहून ठेवलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

या कष्टांचा उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. पाणी तपासायचं तर बाटली भरून प्रयोगशाळेत द्यावी. पण बाटलीतलं पाणी त्या एका क्षणाचं असतं. रात्री कोणी काही सोडलं आणि पहाटेपर्यंत ते वाहून गेलं, तर सकाळच्या बाटलीत ते येणार नाही. दगडाखालची मेफ्लाय मात्र आठवडेच्या आठवडे तिथेच राहिलेली असते. ती आहे म्हणजे त्या काळात पाणी बरं होतं. ती गेली आणि ट्रेमध्ये फक्त लालबुंद किरमिजी अळ्या वळवळत असतील, तर प्राणवायू कमी झालाय. त्या अळ्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो, त्याच्या जोरावर त्या घुसमटलेल्या चिखलातही तगतात. ब्रिटनमध्ये 1980 च्या सुमारास याच आधारावर गुणांची पद्धत बसवली गेली. चपट्या मेफ्लायच्या कुळाला दहा, जाळं विणणाऱ्या कॅडिसला पाच, लाल अळ्यांच्या कुळाला दोन आणि गांडुळांच्या नातेवाइकांना एक. बेरीज मोठी तर पाणी निरोगी. ही पद्धत स्वस्त आहे, शाळेतली मुलंही शिकू शकतात. मात्र तिकडचे गुण इकडे जसेच्या तसे लावणं चूक आहे, असं माझं ठाम मत आहे. तिकडच्या यादीतला स्टोनफ्लाय हा थंड पाण्याचा किडा, आपल्याकडे त्याच्या जाती मोजक्याच. आपल्या ओहोळांना पावसाळ्यात पूर येतो आणि उन्हाळ्यात ते कोरडे पडतात. त्यांचं गुणपत्रक इथेच, कोकणात बसून तयार व्हायला हवं.

कोरड्या ओहोळाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण नुकसान तिथेच होतं. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात मार्च उजाडेपर्यंत बहुतेक ओहोळांत वरून पाणी दिसत नाही. मग लोकांना वाटतं, ओहोळ मेला. तसं नसतं. खडीच्या खाली, हात-दीड हात खोल ओल असते. काही किडे त्या ओलीत उतरतात. काही अंड्यांच्या रूपात थांबतात. काही पंख पसरून दुसरीकडे जातात. आणि काही, उंबराच्या मुळांनी धरून ठेवलेल्या एखाद्या सावलीतल्या डोहात, आटत चाललेल्या पाण्यात मे काढतात. जूनच्या पहिल्या लोंढ्यानंतर सगळा ओहोळ याच साठ्यातून पुन्हा वसतो. प्रवाहात वाहून खाली गेलेल्यांची भरपाईही होते. 1954 साली कार्ल म्युलर यांनी हे चक्र मांडलं: पिल्लं प्रवाहाबरोबर खाली सरकतात आणि पंख फुटलेल्या माद्या अंडी घालायला वरच्या अंगाला उडत जातात.

आता या कोरड्या पात्रात यंत्र उतरतं. खोलीकरण, रुंदीकरण, सरळीकरण. जलयुक्त शिवार योजनेच्या काळात नाला खोलीकरण हा शब्द घरोघरी पोहोचला. दुष्काळी पठारावर त्याचा काय हिशेब असेल तो असो, डोंगरउतारावरच्या कोकणी ओहोळाला तो लावू नये. गोटे काढले, काठची करंजं-उंबरं पाडली, दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत घातली, की उरतं ते गटार. त्यात पाणी जास्त वेगाने धावतं आणि लवकर संपतं. डोह बुजतो, सावली जाते, तळाची ओल उघडी पडून सुकते. पुढच्या जूनमध्ये पाणी येतं, पण वस्ती परत येण्याला वाट राहत नाही. प्लॉट पाडताना कुंपणाला अडचण होते म्हणून ओहोळच वळवण्याचे प्रकार तर किनाऱ्यालगतच्या गावांत आता नवे राहिले नाहीत. गोटे विकायला नेले जातात, बागेत शोभेला ठेवले जातात. एकेका गोट्याबरोबर किती जीव जातात याचा हिशेब कुणी मागत नाही.

दुसरं नुकसान भल्या हेतूने होतं. डास मारायचे म्हणून विहिरीत, टाकीत गप्पी मासे सोडतात. बंदिस्त टाकीत ते ठीक. पण हा मासा दक्षिण अमेरिकेतला. तो तळ्यात, ओहोळात पोहोचला की डासांच्या अळ्यांबरोबर मेफ्लायची आणि टाचणीची कोवळी पिल्लंही खातो. चतुराचं पिल्लू स्वतः डासांच्या अळ्यांवर वाढतं आणि मोठेपणी उडते डास पकडतं. जिवंत ओहोळात डासांचा बंदोबस्त करणारे आधीच हजर असतात. ब्लिचिंग पावडर टाकून मासे मारण्याबद्दल तर बोलायलाच नको. मासे ज्यांना हवेत त्यांना ते एकदाच मिळतात, आणि माशांचं खाणंही त्याच दिवशी मरतं.

मोठ्या नदीचं उदाहरण जवळच आहे. रेवदंड्याच्या खाडीला मिळणारी कुंडलिका 2018 च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत होती. देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे, त्यांतले 53 महाराष्ट्रात. कुंडलिकेचं वरचं पाणीही तिचं एकटीचं नाही. 1927 पासून मुळशीच्या धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून तिच्यात उतरतं आणि वीज हवी तसं चढतं-उतरतं. कोलाडचं राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवर 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने अशा चढउताराचा परिणाम दाखवून दिला आहे. किडे काठाच्या दगडांवर पाण्यालगत अंडी घालतात, पाणी उतरलं की ती उन्हात वाळतात. कुंडलिकेच्या काठच्या दगडांवरही हा अभ्यास व्हायला हवा.

सागरगडाखालचा ओहोळ पुढे शेतातून जातो आणि खारेपाटाकडे उतरलेलं पाणी शेवटी खारबंदिस्तीच्या उघाडीतून खाडीत पडतं. खारं पाणी लागलं की यातली जवळजवळ सगळी वस्ती संपते. पण त्याआधी भातखाचरं असतात आणि त्यांत एक प्रवासी वाढतो. पावसाळा सरताना अलिबागच्या किनाऱ्यावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात. त्यांचं शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅवेसेन्स. पावसाच्या तात्पुरत्या पाण्यात ते जेमतेम दीड महिन्यात वाढतात. मालदीवमध्ये राहून त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या चार्ल्स अँडरसन यांनी 2009 साली मांडलं, की ऑक्टोबरमध्ये मालदीवला उतरणारे हे चतुर भारताकडून येतात आणि हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. अनेक पिढ्यांत मिळून पूर्ण होणारा हा फेरा आहे. डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या या चतुरांचं बालपण आपल्याकडच्या एखाद्या खाचरातल्या गुडघाभर पाण्यात गेलेलं असू शकतं.

पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या जीवांवर आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाचा अहवाल 2011 साली आला. मासे, शिंपले-गोगलगायी, चतुर-टाचण्या आणि पाणवनस्पती मिळून 1,146 जाती तपासल्या, त्यांतल्या सुमारे सोळा टक्के धोक्यात निघाल्या. मेफ्लाय, कॅडिसफ्लाय त्यात नव्हत्याच. नव्या जाती अजून सापडताहेत: सिंधुदुर्गातल्या चौकुळच्या नावाने एका चतुराचं वर्णन 2022 साली झालं. रायगडच्या ओहोळांत इतक्या चिकाटीने कोणी पाहिलं तर इथेही काय निघेल, याची मला उत्सुकता आहे.

2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. झाडं, पिकं, औषधी वनस्पती तिच्यात सहज येतात. ओहोळाचा तळ मात्र राहून जातो. तुमच्या गावाची वही मागून पाहा. तिच्यात ओहोळाचं पान नसेल तर घालायला सांगा. उन्हाळ्यात न आटणारे डोह कुठे आहेत ते वाडीवरच्या जाणत्या माणसांना विचारून त्यात लिहा. नोव्हेंबरमध्ये शाळेची मुलं घेऊन पाण्यात उतरा, ट्रेमध्ये काय आलं त्याची यादी करा. आणि ओहोळाच्या खोलीकरणाचा ठराव ग्रामसभेपुढे आला, तर मत देण्याआधी ती यादी वाचून दाखवा.