साय काढायला निघाले, पण दूध आहे कुठे?

1 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पंजाब राज्य विरुद्ध दविंदर सिंग या खटल्याचा निकाल दिला आणि दुसऱ्या दिवसापासून बुद्धविहारांत, वस्तीतल्या कट्ट्यांवर, कर्मचारी संघटनांच्या बैठकांत एकच प्रश्न ऐकू येऊ लागला. आता आपल्या पोरांनाही नॉन-क्रीमिलेअर आणावे लागणार काय?

खटला होता अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा. सहा विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने राज्यांना ती मुभा दिली. पण चार न्यायमूर्तींनी आपापल्या निकालपत्रात आणखी एक मुद्दा मांडला, की अनुसूचित जाती-जमातींमधील सधन थरही आरक्षणातून वगळला पाहिजे. हा प्रश्न खटल्यात नव्हताच. 9 ऑगस्टला केंद्रीय मंत्रिमंडळाने जाहीर केले, की बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानात अनुसूचित जाती-जमातींसाठी क्रीमिलेअरची तरतूद नाही. त्यामुळे सरकारी नोकरीच्या आरक्षणासाठी आपल्याला उत्पन्नाची अट लागू झालेली नाही, हे आधी स्पष्ट असू द्या. प्रश्न मात्र मिटलेला नाही. खेदाची गोष्ट अशी, की आता आपलीच शिकलेली माणसे चहा पिता पिता म्हणू लागली आहेत, 'एकदा घेतले, आता सोडायला काय हरकत आहे?'

हरकत काय आहे, ते पाहायचे तर हा नियम ज्यांना लागू आहे त्या ओबीसी बांधवांचा अनुभव पाहावा लागेल. 16 नोव्हेंबर 1992 च्या इंद्रा साहनी निकालाने मंडलचे 27 टक्के आरक्षण वैध ठरवले आणि त्याच हाताने क्रीमिलेअरची अट घातली. ही चर्चा फक्त इतर मागासवर्गीयांपुरती आहे, अनुसूचित जाती-जमातींशी तिचा संबंध नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. पुढे 8 सप्टेंबर 1993 चे केंद्राचे कार्यालयीन ज्ञापन आले. तेव्हा मर्यादा होती वर्षाला 1 लाख. 2004 ला ती अडीच लाख झाली, 2008 ला साडेचार, 2013 ला सहा आणि 2017 ला आठ लाख. दर तीन वर्षांनी फेरविचार व्हावा, असे त्या ज्ञापनातच अपेक्षित होते. 2025 उजाडले तरी आकडा आठवरच अडून होता. महागाई वाढते, महागाई भत्ता वाढतो, मर्यादा वाढत नाही, म्हणजे दरवर्षी काही घरे मागासलेपणातून 'बाहेर' पडतात आणि त्यांच्या घरात मात्र काहीही बदललेले नसते. महाराष्ट्रात तर 2001 च्या आरक्षण कायद्याने ही अट विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गालाही लावली. ज्यांच्या पालाला पत्ता नाही, त्यांनी आपण 'उन्नत व प्रगत गटात' मोडत नाही, याचा दाखला तहसीलला जाऊन आणायचा!

लोकांना वाटते, की वर्षाचे उत्पन्न मोजायचे आणि आठच्या वर गेले की बाहेर. 1993 चा नियम तसा नाही. आईवडिलांपैकी एकजण थेट वर्ग एकचा अधिकारी असेल, किंवा दोघेही वर्ग दोनचे असतील, तर मूल क्रीमिलेअरमध्ये जाते. वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्याचा पगार उत्पन्नात धरायचाच नाही. शेतीचे उत्पन्नही धरायचे नाही. बाकीचे उत्पन्न सलग तीन वर्षे मर्यादेच्या वर असले, तरच अट लागते. कागदावर हे असे आहे. सेतू केंद्राच्या खिडकीवर मात्र लिपिकाच्या पोरालाही बापाची पगारपत्रके मागितली जातात आणि पगार बेरजेत धरून अर्ज परत येतो. सार्वजनिक उपक्रमांतील पदे सरकारी पदांशी जुळवून घ्यावीत, असे 1993 मध्येच लिहिले होते. ते काम केंद्राने केले 2017 मध्ये. चोवीस वर्षे! तोवर आईबापाच्या पगारावरून केंद्रीय सेवांची परीक्षा उत्तीर्ण झालेली मुलेही अडवली गेली. ज्यांना हा नियम लागू आहे त्यांचे हे हाल. आपल्याला लागू झाला, तर आपल्या दाखल्यांचे काय होईल, हे जातपडताळणीच्या रांगेत उभा राहिलेला कोणीही सांगेल.

आता उत्पन्नाच्या सरळ फूटपट्टीने आपले घर मोजून पाहू. महानगरपालिकेत झाडू मारणारे नवरा-बायको. दोघेही कायम, दोघेही लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसा हक्काने लागलेले, म्हणजे बापाचा झाडू मुलाच्या आणि आईचा सुनेच्या हाती आलेला. निवृत्ती जवळ आली आहे. सातव्या वेतन आयोगाचा पगार, महागाई भत्ता, घरभाडे धरून दोघांचे मिळून वर्षाला आठ लाखांच्या वर सहज जातात. झाली की हो मलई! पण त्यांच्या हातचे पाणी शेजारी पितो काय? त्यांच्या मुलीला खासगी सोसायटीत भाड्याने घर मिळते काय? आणि आठ लाख कमावूनही तिसऱ्या पिढीला गटारापासून दूर नेणारी वाट कोणती, तर मुलाने अभ्यास करून राखीव जागेवर लागणे. ही वाट आपण 'सधन' म्हणून बंद करायची?

याच आठ लाखांची दुसरी गंमत पाहा. 2019 च्या 103 व्या घटनादुरुस्तीने उच्चवर्णीयांसाठी आर्थिक दुर्बल घटकाचे 10 टक्के आरक्षण आले. त्याची मर्यादाही आठ लाख. ओबीसीच्या घरात आठ लाख ही साय आणि उच्चवर्णीयाच्या घरात आठ लाख ही गरिबी. उलट बाजूने हेही खरे, की तिकडे पगार आणि शेती दोन्ही धरतात. पण मग दुर्बल कोण, हा प्रश्न उरतोच, कारण वर्षाला साठ हजार मिळवणारा मांग किंवा महार शेतमजूर या सरकारच्या लेखी 'आर्थिक दुर्बल' नाही. अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींचे गरीब त्यातून वगळलेले आहेत. 7 नोव्हेंबर 2022 ला तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने हे मान्य झाले. सरन्यायाधीश उदय लळित आणि न्या. रवींद्र भट यांनी याच वगळण्यावर बोट ठेवून विरोधी मत नोंदवले. दुसरीकडे आपल्या मुलांच्या भारत सरकार शिष्यवृत्तीची मर्यादा आहे अडीच लाख! नुकत्याच लागलेल्या शिपायाचा पगारही त्याच्या वर जातो, आणि त्याच्या मुलाचा निर्वाहभत्ता जाऊन फीमाफी तेवढी हातात राहते. म्हणजे अडीच लाखाला आपण सुखवस्तू आणि आठ लाखाला ते दुर्बल. जात बदलली की रुपयाची किंमत बदलते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

मूळ घोळ आरक्षणाच्या समजुतीत आहे. संविधानाच्या कलम 16(4) मध्ये गरिबी हा शब्द नाही. तिथे भाषा आहे पुरेशा प्रतिनिधित्वाची. छत्रपती शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 च्या आदेशाने पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, त्या कोणाचा खिसा तपासून नव्हे. दरबारात एकाच वर्गाची माणसे भरली होती, म्हणून. आणि पगाराने जात जाते काय, याचे उत्तर बाबासाहेबांनी 1917 मध्ये बडोद्यात अनुभवले. कोलंबियाची पदवी होती, महाराजांच्या नोकरीतले मोठे पद होते. राहायला घर मात्र मिळाले नाही. पारशी वसतिगृहातून बाहेर काढले गेले आणि कचेरीतले शिपाई दुरून कागद टाकत. आजची फूटपट्टी त्या दिवशी लावली असती, तर ते क्रीमिलेअरच ठरले असते.

न्या. भूषण गवई हे त्या चार न्यायमूर्तींपैकी एक. ते आपल्याच चळवळीच्या घरातले, दादासाहेब गवईंचे पुत्र. सरन्यायाधीशपदावरून निवृत्त होण्याआधी, नोव्हेंबर 2025 मध्येही त्यांनी हे मत पुन्हा मांडले. आयएएस अधिकाऱ्याचे मूल आणि गरीब शेतमजुराचे मूल एका पातळीवर कसे ठेवायचे, हा त्यांचा सवाल. त्यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही, आणि सवाल खोटाही नाही. आपल्यातला अधिकारी बंगल्यात गेला की वस्ती विसरतो, आडनाव बदलतो, चौदा एप्रिलची वर्गणी द्यायलाही कचरतो, हे आपण रोज पाहतो. पण शेतमजुराचे मूल अडते कुठे? ते अधिकाऱ्याच्या मुलाने रोखून धरलेल्या जागेपाशी अडत नाही. ते दहावीच्या गणितापाशी, वसतिगृहाच्या यादीपाशी, वर्ष संपल्यावर येणाऱ्या शिष्यवृत्तीपाशी अडते. वर्ग एकच्या परीक्षेपर्यंत पोहोचणारे आपल्यात बहुतांशी दुसऱ्या पिढीचे शिकलेले आहेत. त्यांना बाहेर काढले, तर त्यांच्या जागी शेतमजुराचा मुलगा येणार नाही. फाइलवर शेरा येईल, 'योग्य उमेदवार मिळाला नाही.' विद्यापीठांतील प्राध्यापकपदांच्या मुलाखतींत हा शेरा आपल्या पाठीवर कितीदा बसला आहे! अशा रिकाम्या जागा पुढे कुठे जातात, याची चुणूक जानेवारी 2024 मध्ये मिळाली. त्या जागा खुल्या करण्याची वाट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मसुद्यात होती. ओरड झाली, तेव्हा माघार घेतली गेली.

उपवर्गीकरणाचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची गल्लत करू नये. महाराष्ट्रातील 59 अनुसूचित जातींमध्ये मातंग, ढोर, मेहतर यांना आपला वाटा मिळाला नाही असे वाटत असेल, तर ते कान देऊन ऐकणे हे बौद्धांचे कर्तव्य आहे. ती तक्रार जातीची आहे आणि तिचे मापही जातीनेच करता येईल. तिच्या आडून पगाराची चाळणी आत आणली, तर मेहतराच्याच कायम नोकरीतल्या घरावर ती आधी बसेल.

तेव्हा कर्मचारी संघटनांनी पुढच्या बैठकीत एवढे करावे. आपापल्या कार्यालयातील बिंदुनामावली मागवावी, अनुसूचित जातीचा अनुशेष वर्गवार लिहून काढावा आणि कोणती जागा किती वर्षे रिकामी आहे, ते तारखेसह नोंदवावे. अडीच लाखांच्या शिष्यवृत्ती मर्यादेविरुद्धचे निवेदन त्याच दिवशी समाजकल्याण कार्यालयात द्यावे, आणि देताना ओबीसी व भटक्या-विमुक्तांच्या संघटनांना बरोबर घ्यावे. त्यांच्या आठ लाखांची मागणीही त्याच कागदावर असू द्या.