बावीस तारीख की बाविसावा रोजा?

रमजानमध्ये फोनवर ऑर्डर आली, "बावीसला इफ्तारसाठी दोनशे खिमा समोसे हवेत." आम्ही दोघी जावांनी 22 तारखेला दुपारपासून पट्ट्या भरल्या, असरनंतर समोसे तळून डबे तयार ठेवले. घ्यायला कोणीच आले नाही. फोन केला तर त्या बाई चकित! त्यांना बाविसावा रोजा म्हणायचे होते आणि त्या दिवशी अकरावाच होता. खोटे कोणी बोलले नव्हते. समोसे मशिदीत इफ्तारला दिले, पण खर्च आमच्याच अंगावर पडला.

तरावीहनंतर सासूबाईंनी एकच विचारले, "लिहून घेतले होते का?"

कुरआनमधील सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याच्या नोंदीविषयी आहे (सूरह अल-बकरा, 282). हातोहात झालेला सौदा लिहिला नाही तरी चालतो. पण मुदतीचे देणे, मग ते लहान का असेना, लिहून ठेवायला सांगितले आहे. आगाऊ घेतलेली ऑर्डर म्हणजे मुदतीचा वायदाच. आणि लिहिण्याचे साधन तर आमच्या हातातच होते!

त्या दिवसापासून आम्ही व्हॉट्सअॅप बिझनेस वापरू लागलो. हे अॅप मोफत आहे. त्यासाठी वेगळे सिमकार्ड घेतले, म्हणजे घरचा नंबर घरच्यांपुरताच राहतो. फोनवर बोलणे झाले तरी लगेच मेसेज जातो : पदार्थ, नग, तारीख, वार, रोजा, वेळ, दर, आगाऊ रक्कम, डबा कोण नेणार. शेवटी, "बरोबर आहे का?" ग्राहकाचे "हो" आले की मगच खिमा आणायचा. हा मजकूर 'क्विक रिप्लाय'मध्ये साठवला आहे, त्यामुळे दरवेळी पूर्ण टाइप करावा लागत नाही. ईदच्या ऑर्डरला तारीख आधी नक्की सांगता येत नाही. तिथे "चाँदरातीला, इशानंतर" असे लिहितो.

'लेबल' लावण्याची सोयही फार उपयोगी आहे. नवीन ऑर्डर, पैसे बाकी, ऑर्डर पूर्ण अशी लेबले लावली की कोणाचे काय राहिले ते एका नजरेत कळते. नमाजच्या आणि इफ्तारच्या वेळी आपोआप उत्तर जाते, त्यामुळे ग्राहक ताटकळत नाही. नवा पदार्थ कळवायला ग्रुपऐवजी 'ब्रॉडकास्ट लिस्ट' वापरतो. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सर्वांना दिसतो, इथे दिसत नाही. मात्र ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच हा मेसेज मिळतो, हे लक्षात ठेवावे.

कॅटलॉगमधले फोटो आमच्याच कढईतल्या समोशांचे आहेत. इंटरनेटवरचा सुंदर फोटो उचलणे सोपे होते. पण प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली आणि ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हदीस लहानपणापासून ऐकली आहे. फोटो म्हणजे राशीचा वरचा थरच! म्हणून समोशाचा आकार आणि वजनही खाली लिहितो.

भगिनींनो, पैशांच्या बाबतीत सावध राहा. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. "पिन टाका, पैसे जमा होतील" असे सांगणारा लुबाडायलाच आलेला असतो. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, रक्कम खात्यात आली का ते पाहा. ओटीपी कोणाला सांगू नका. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब 1930 या हेल्पलाइनवर कळवा. खाद्यपदार्थ विकताना एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. तिचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापता येतो.

फोन हरवू शकतो, बिघडू शकतो. म्हणून इशानंतर दिवसभराच्या ऑर्डरी आम्ही वहीतही उतरवतो. वही सासूबाईंकडे असते.

पुढच्या रमजानमध्ये त्याच बाईंची ऑर्डर आली. आम्ही नेहमीचा मेसेज पाठवला. त्यांचे उत्तर आले, "हो, बरोबर. बाविसावा रोजा. तारीख नव्हे!" वाचून आम्ही दोघी हसलो आणि पट्ट्या मोजायला घेतल्या.