दोरी ओढण्याआधी

ठिणगी निळी हवी. प्लगची वायर इंजिनाच्या धातूपासून सहा मिलिमीटरवर धरायची आणि फ्लायव्हील जोरात फिरवायचं. तेवढं अंतर चट्‌कन ओलांडणारी निळी ठिणगी दिसली, तर निम्मी मोटर जिवंत आहे असं समजायचं. पिवळट, मलूल ठिणगी उघड्यावर कशीबशी उडते, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली तिचा निभाव लागत नाही. माझ्या पहिल्या मोटरीत मलूलही ठिणगी नव्हती. अंधाऱ्या गॅरेजमध्ये मी पंचवीस वेळा दोरी ओढली आणि वायरच्या टोकाशी काही म्हणजे काही दिसलं नाही.

मिलवॉकीत राहायला येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. गल्लीतल्या एका घरासमोर जुन्या सामानाची विक्री लागली होती, तिथं सायकली आणि खुर्च्यांच्या मागे ती भिंतीला टेकून उभी होती. एव्हिनरूड लाइटविन, 1950च्या दशकाच्या मध्यातली, तीन हॉर्सपॉवरची. दोन छोटे सिलिंडर, वर कासवाच्या पाठीसारखी पेट्रोलची टाकी, खाली लांब पाय आणि पायाच्या टोकाला पंखा. वजन साधारण पंधरा किलो, म्हणजे एका हातात उचलून काठापर्यंत नेता येईल इतकंच. गिअर नाही. होडी मागं न्यायची तर अख्खी मोटर जागच्या जागी उलटी फिरवायची, पंखा पुढं येतो आणि होडी मागं सरकते. ही युक्ती मला इतकी आवडली, की चालेल की नाही हे न विचारता मी ती घेऊन आले.

कोकणात आणि गोव्यात अशा मोटरीला ओबीएम म्हणतात. होडीच्या मागच्या फळीला लटकवलेली यामाहा किंवा सुझुकी तिथल्या प्रत्येक बंदरावर दिसते. इंजिन होडीच्या पोटात कायमचं न बसवता बाहेर टांगायचं, काम झालं की उचलून घरी न्यायचं, हा विचार आज इतका साधा वाटतो की तो कुणाला तरी पहिल्यांदा सुचावा लागला असेल, हे ध्यानातच येत नाही. माझ्या मोटरीवर ज्यांचं आडनाव आहे, त्या ओले एव्हिनरूड यांच्याही आधी तो काहींना सुचला होता. डेट्रॉइटच्या कॅमरन वॉटरमन यांनी तर तशी मोटर बाजारातही आणली होती. पण ती सामान्य माणसाच्या होडीला लागली ती ओले आणि बेस या नवरा-बायकोमुळं, आणि तेही माझ्या या गावात.

ओले यांचा जन्म 1877 सालचा, नॉर्वेतला. पाच वर्षांचे असताना घरचे विस्कॉन्सिनमध्ये आले आणि रिप्ली तळ्याकाठी शेती करू लागले. मुलाचं लक्ष मात्र यंत्रांत. कारखान्यांतून हात तयार करत ते मिलवॉकीला पोहोचले. पुढची गोष्ट इथं सगळे सांगतात. ओकाउची तळ्यावरची सहल, उन्हाची वेळ, बेसला आइस्क्रीमची इच्छा झाली आणि ओले वल्ही मारत काठावर गेले. परत येईतो आइस्क्रीमचं पाणी झालं होतं. गोष्ट सांगता सांगता गोड होत गेली असेल, पण हातांना फोड आणणारी ती वल्ही खरी असणार. ओलेंनी बनवलेला पहिला नमुना पाहून बेस म्हणाल्या होत्या, की हे तर कॉफी दळायचं यंत्र दिसतंय. तरी 1909 साली ती मोटर विक्रीला आली. एक सिलिंडर, दीड हॉर्सपॉवर, वजन 62 पौंड, किंमत 62 डॉलर. फ्लायव्हीलवरची मूठ धरून ते गरकन फिरवायचं, की इंजिन सुरू.

जाहिराती बेस लिहायच्या, पत्रव्यवहार आणि हिशेबही त्याच बघायच्या. या धंद्यात त्यांचा वाटा ओलेंच्या बरोबरीचा होता असं माझं ठाम मत आहे, तरी मोटरीच्या अंगावर नाव फक्त आडनावाचं आलं. त्यांची तब्येत ढासळली तेव्हा ओलेंनी चालता धंदा विकून टाकला. काही वर्षांनी, 1921मध्ये, अॅल्युमिनियम वापरून केलेली हलकी दोन सिलिंडरची मोटर घेऊन दोघं परत उभे राहिले. तिचं नाव एल्टो. माझ्या लाइटविनचं घराणं तिथपर्यंत जातं.

तर ठिणगी. या मोटरीला बॅटरी नाही. फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला लोहचुंबक बसवलेलं असतं, ते दोन कॉइलांभोवती फिरतं आणि नेमक्या क्षणी पॉइंट उघडला की कॉइलमधून हजारो व्होल्ट प्लगकडे धावतात. लहानपणी पुण्याच्या वाड्यात बाबांच्या स्कूटरचे पॉइंट घासताना मी टॉर्च धरून बसायचे, त्यामुळं ही भाषा मला अर्धी येत होती. फ्लायव्हील काढायला पुलरच लागतो, कारण ते निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेलं असतं. हातोडीनं घाव घातला तर क्रँक वाकते. ते निघालं आणि कारण लगेच दिसलं. त्या काळच्या कॉइलांवरचं प्लॅस्टिक वयानं तडकतं, हा या मोटरींचा ठरलेला आजार आहे. माझ्या दोन्ही कॉइलांना उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा पडल्या होत्या. वीज त्या भेगांतून परस्पर पळून जात होती, प्लगपर्यंत पोहोचायची कशी?

बरं, त्याच कॉइल कंपनीनं तीन हॉर्सपॉवरपासून कितीतरी मोठ्या मोटरींपर्यंत सरसकट वापरल्या, म्हणून त्या आजही नव्या मिळतात. कॉइल बदलल्या, कंडेन्सर बदलले, पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं घासून स्पिरिटनं पुसले आणि फीलर गेजनं अर्ध्या मिलिमीटरवर बसवले. अर्धा मिलिमीटर म्हणजे गेजची पाती सरकताना जराशी ओढ लागली पाहिजे, अडकता कामा नये. त्या रात्री निळी ठिणगी उडाली तेव्हा पुण्यात सकाळ होती. मी बाबांना फोन केला.

कार्ब्युरेटरनं मात्र मला सगळ्यात जास्त शिकवलं. आतला तरंगता गोळा बुचाच्या लाकडाचा होता आणि त्यावर लाखेचा लेप. आपल्याकडं सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फ्रेंच पॉलिश करतात, तीच ही लाख. झारखंड-छत्तीसगडच्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर किड्यांनी केलेली लाख जगभर जायची. साध्या पेट्रोलमध्ये तिला काही होत नाही. पण आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, म्हणजे स्पिरिटच. लाख विरघळते, बूच पेट्रोल पितं, जड होऊन बुडतं आणि कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होऊ लागतो. विरघळलेली लाख तपकिरी चिकट गोंद होऊन जेटच्या भोकात बसली होती. मी भोक तांब्याच्या तारेनं मोकळं केलं, बुचावरची जुनी लाख काढली आणि इथेनॉलला दाद न देणारा इपॉक्सीचा पातळ हात दिला. सत्तर वर्षांपूर्वीच्या कारागिराचं काहीच चुकलं नव्हतं, त्याच्या हयातीनंतर इंधन बदललं.

तेलाचंही तसंच. आपल्या स्कूटरला लिटरमागं वीस मिलिलिटर ऑइल पुरायचं. या मोटरीला चोवीस भाग पेट्रोलला एक भाग, म्हणजे त्याच्या दुप्पट लागतं, कारण क्रँकला बारीक रोलरचे नव्हे, साधे बुश आहेत आणि त्यांना तेलाचाच आधार. धूर जास्त होतो म्हणून काही जण तेल कमी करतात. असं करणाऱ्यांना मी हात जोडून विनवते, करू नका.

नुकसान माझ्या हातून झालं ते पायाशी. पंपाचं रबरी चक्र बदलायला खालचा भाग सोडवायचा होता. स्टीलचे स्क्रू अॅल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं बसले की दोन धातू एकमेकांना खाऊन जखडतात. उष्णता द्यायची, आत झिरपणारं तेल सोडायचं, वाट बघायची, पुन्हा उष्णता द्यायची. चार दिवस हे करावं लागतं. मी दुसऱ्याच दिवशी पाना लावला आणि एक स्क्रू मानेतून तुटला. उरलेला तुकडा उलट फिरणाऱ्या ड्रिलनं काढून नवे आटे पाडायला दोन आठवडे गेले. आत रबराच्या पाकळ्या एका बाजूला वाकून तशाच थिजल्या होत्या. मोटर शेवटची बंद झाली त्या क्षणी त्या जशा होत्या, तशा. हे चक्र तळ्याचं पाणी वर ढकलून सिलिंडर थंड ठेवतं. पाण्याबाहेर मोटर थोडा वेळ जरी चालवली तरी ते जळतं, म्हणून पहिली चाचणी नेहमी भरलेल्या पिंपात.

रंगाबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. या मोटरींचा छंद जोपासणारा क्लब आहे, उन्हाळ्यात तळ्याकाठी मेळावे भरतात आणि तिथं आरशासारख्या चमकणाऱ्या मोटरी येतात. ते काम फार कष्टाचं आहे, त्याचा मी आदर करते. पण माझ्या मोटरीच्या टाकीवर हाताच्या घर्षणानं निळा रंग उडून धातू दिसतो, ती जागा मी तशीच ठेवली. तिथं कुणाचा तरी डावा हात पंधरा-वीस उन्हाळे विसावलेला आहे.

कंपनीच्या हातबदलांची कहाणी मोठी आहे. विलीनीकरणं झाली, जॉन्सन मोटर्स घरात आली, डिसेंबर 2000मध्ये दिवाळं निघालं, मग कॅनडातल्या मालकांनी ती चालवली. 2020मध्ये त्यांनी एव्हिनरूड मोटरी बनवणंच थांबवलं. ती बातमी आली त्या आठवड्यात मी गॅरेजमध्ये एका मोटरीचं पॅकिंग कापत होते. वाईट वाटलं, आणि पॅकिंग कापून पुरं केलं.

माझी लाइटविन तयार झाली, त्याच्या पुढच्या जूनमध्ये बाबा आले. पिंपात पाणी भरलं, चोक ओढला, दोरी त्यांच्या हातात दिली. तिसऱ्या ओढीला मोटर पेटली. निळा धूर, आणि पायाच्या मागच्या भोकांतून धुराबरोबर पाण्याचे शिंतोडे. पंप चालतोय. बाबांनी सिलिंडरजवळ तळवा नेला, थांबले, मग मान हलवली. रविवारी भाड्याची लहान होडी घेऊन आम्ही ओकाउचीवर गेलो. वेग चालणाऱ्या माणसाहून थोडा जास्त. परतताना धक्का जवळ आला तसे बाबा पुढच्या फळीवरून ओरडले, "अगं, ब्रेक?" मी मोटर पूर्ण उलटी फिरवली. पाणी पुढच्या बाजूला उसळलं, होडी हातभर अंतरावर थांबली, आणि बाबांनी वाकून धक्क्याचा खांब धरला.