‘आपण जिंकलो’, पण ‘ते हरले’: आवडता संघ प्लेऑफमध्ये हरला की इतकं का लागतं?

१२ मे २०१९, रविवारची रात्र. हैदराबादमध्ये आयपीएलचा अंतिम सामना सुरू होता. चेन्नई सुपर किंग्जला शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. चेंडू मुंबई इंडियन्सच्या लसिथ मलिंगाच्या हातात आणि समोर शार्दुल ठाकूर. मलिंगाने संथ चेंडू टाकला, तो पॅडवर आदळला आणि पंचांचं बोट वर गेलं. शार्दुल पायचीत. मुंबईने एका धावेने करंडक जिंकला.

चेन्नईचे चाहते देशभर हळहळले. पण पालघर आणि बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या क्रिकेटप्रेमींसाठी हा हिशेब अधिकच अवघड होता. शार्दुल मूळचा पालघरचा, शाळेच्या दिवसांत बोईसरच्या तारापूर विद्या मंदिरकडून खेळलेला. दुसरीकडे, रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या या भागाला मुंबईचा संघही घरचाच. मग त्या रात्री इथे नेमकं कोण जिंकलं आणि कोण हरलं?

प्रश्न गमतीचा वाटेल. पण आपण बॅट हातात न घेतलेल्या सामन्याचं दुःख आपल्याला का होतं, याचं उत्तर त्यातच आहे.

प्लेऑफची हार वेगळी का असते?

साखळी फेरीत एक सामना हरला तर पुढचा असतो. चाहताही ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून झोपी जातो. प्लेऑफमध्ये ही सोय जवळपास संपते. आयपीएलमध्ये साखळीतल्या पहिल्या दोन संघांना एक हार माफ असते. २०१९ मध्ये चेन्नई पहिल्या क्वालिफायरमध्ये मुंबईकडूनच हरली होती, पण दिल्लीला हरवून पुन्हा अंतिम सामन्यात आली. तिथे मात्र दुसरी संधी नव्हती.

फुटबॉलमध्ये याचं ठळक उदाहरण मुंबईतच सापडतं. अंधेरीच्या मैदानावर खेळणारा मुंबई सिटी एफसी हा संघ २०२२-२३ च्या इंडियन सुपर लीगमध्ये पहिले १८ सामने हरला नव्हता. साखळीत पहिला क्रमांक मिळवून त्याने लीग शील्डही जिंकली. मग उपांत्य फेरीत बेंगळुरू एफसी समोर आला. दोन सामन्यांनंतर एकूण गोल २-२ असे बरोबरीत राहिले. १२ मार्च २०२३ च्या पेनल्टी शूटआऊटमध्ये बेंगळुरूने ९-८ अशी बाजी मारली. महिनोन्‌महिने सर्वोत्तम ठरलेल्या संघाचा करंडक एका अडलेल्या पेनल्टीने गेला.

साखळी फेरी सातत्य तपासते, प्लेऑफ त्या रात्रीचा खेळ. चाहत्याच्या मनात मात्र आधीच्या सगळ्या विजयांची अपेक्षा साठलेली असते. अपेक्षा जितकी उंच, तितकी पडण्याची उंची जास्त.

एका धावेची हार जास्त का बोचते?

मोठ्या फरकाने हरल्यावर ‘आज आपला दिवस नव्हता’ म्हणता येतं. थोडक्यात हरल्यावर मन सामना पुन्हा पुन्हा खेळत राहतं. त्या शेवटच्या षटकात चेन्नईला नऊ धावा हव्या होत्या. ८० धावा काढलेला शेन वॉटसन चौथ्या चेंडूवर धावबाद झाला. पाचव्या चेंडूवर शार्दुलने दोन धावा काढल्या. वॉटसन टिकला असता तर? सहाव्या चेंडूवर नुसती एक धाव घेऊन सामना सुपर ओव्हरमध्ये नेला असता तर?

या ‘जर-तर’चा अभ्यास अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ऑलिम्पिक खेळाडूंवर केला होता. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधली चित्रणं पाहिल्यावर त्यांना रौप्यपदक विजेत्यांपेक्षा कांस्यपदक विजेते जास्त आनंदी दिसले. कारण सरळ आहे. रौप्यवाल्याच्या डोळ्यांसमोर हुकलेलं सुवर्ण असतं, कांस्यवाल्याला आपण रिकाम्या हाताने परतलो नाही याचं समाधान असतं. अंतिम सामना एका धावेने हरलेल्या संघाचा चाहता त्या रौप्यपदक विजेत्यासारखाच असतो.

‘आपण’चे ‘ते’ कधी होतात?

१९७६ मध्ये रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये एक साधी गोष्ट तपासली. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत. विजयाबद्दल विचारलं तर ‘आपण जिंकलो’ असं उत्तर जास्त येई. हार झाली की बोलण्यातून ‘आपण’ गळे आणि ‘ते हरले’ अशी भाषा येई.

यात ढोंग नसतं. संघ हा आपल्या ओळखीचा भाग झालेला असतो. तो जिंकला की आपली मान उंचावते, हरला की आपलंच काहीतरी कमी झाल्यासारखं वाटतं. ते टाळायला मन दोन पावलं मागे सरकतं.

गावचा खेळाडू असला की ही परीक्षा आणखी कठीण होते. संघ बदलता येतो, गाव बदलता येत नाही. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरून परतलेला शार्दुल अंधेरीहून लोकल पकडून पालघरला आला, तेव्हा त्याची बातमी झाली होती. असा माणूस जिंकतो तेव्हा ‘आपला शार्दुल’ म्हणणं सोपं असतं. तो शेवटच्या चेंडूवर बाद होतो, तेव्हाही ‘आपला’ म्हणता येतं का?

या सामन्यात आणखी एक गुंता होता. मुंबईचा कर्णधार रोहित शर्मा आणि शार्दुल हे दोघेही बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेतले, दोघेही प्रशिक्षक दिनेश लाड यांचे शिष्य. शार्दुलला आपण ओळखतो, तो मोठा फटका मारायला जाईल असा अंदाज होता, म्हणून संथ चेंडूचा निर्णय घेतला, असं रोहितने सामन्यानंतर सांगितलं. म्हणजे तो चेंडू ओळखीतूनच आला होता.

जिंकण्याच्या आनंदापेक्षा हरण्याचं दुःख मोठं?

हो, असंच दिसतं. ब्रिटनमधले अर्थतज्ज्ञ पीटर डॉल्टन आणि जॉर्ज मॅकेरॉन यांनी मोबाइल अ‍ॅपवरच्या नोंदींतून फुटबॉल चाहत्यांचा मूड तपासला. सामन्यानंतरच्या पहिल्या तासात हरल्याचं दुःख जिंकल्याच्या आनंदाच्या साधारण दुप्पट भरलं. हिशेबाने पाहिलं तर चाहता असणं हा तोट्याचाच व्यवहार. तरी माणसं तो सोडत नाहीत, कारण त्यातून आपलेपणा आणि सोबत मिळते. सोमवारी पहाटेच्या लोकलमध्ये किंवा एमआयडीसीत पहिल्या पाळीच्या चहाला ज्याच्याशी एरवी बोलणं नसतं, त्याच्याशीही कालच्या सामन्यावर बोलता येतं.

निराशा घरात शिरते तेव्हा

ही निराशा दरवेळी निरुपद्रवी नसते. अमेरिकेतल्या एनएफएल फुटबॉल लीगवर डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन दाल यांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जिंकेल अशी खात्री असलेला स्थानिक संघ अनपेक्षितपणे हरला, की घरात पुरुषांकडून पत्नी किंवा मैत्रिणीवर होणाऱ्या हिंसाचाराच्या नोंदी सुमारे १० टक्क्यांनी वाढल्या. सामना अटीतटीचा होणार हे आधीच माहीत असेल, तर हरल्यावर अशी वाढ दिसली नाही. म्हणजे घातक ठरला तो अपेक्षाभंग. अर्थात, हार हे हात उगारण्याचं निमित्त ठरतं, समर्थन नाही. आपल्याकडे हाच राग अनेकदा खेळाडूच्या सोशल मीडिया खात्यावर, त्याच्या घरच्यांवरही निघतो.

मग हरल्यावर करायचं काय?

पहिली गोष्ट, वाईट वाटतंय हे मान्य करायचं. ‘एवढं काय, खेळच आहे’ असं म्हणून ते जात नाही. दुसरी, सामना संपल्या संपल्या पोस्ट टाकायची नाही. राग पहिल्या तासातच सर्वांत तीव्र असतो, शब्द मात्र कायमचे राहतात. तिसरी, शेवटचं षटक पुन्हा पुन्हा बघायचं नाही, कारण दर वेळी तेच ‘जर-तर’ जागं होतं. चौथी, ज्याला आपल्यासारखंच वाटतंय अशा माणसाशी बोलायचं. आणि घरात कुणाला आपल्या रागाची भीती वाटत असेल, तर टीव्ही बंद करून थोडा वेळ बाहेर पडायचं.

शार्दुलच्या गोष्टीत तो चेंडू शेवटचा ठरला नाही. त्याच अंतिम सामन्यात त्याने दोन बळीही घेतले होते, पण ते फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. चेन्नईने त्याला संघात ठेवलं. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेन कसोटीत त्याने पहिल्या डावात ६७ धावा आणि सामन्यात सात बळी अशी कामगिरी केली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला चेन्नई पुन्हा आयपीएलच्या अंतिम सामन्यात होती, समोर कोलकाता. शार्दुलने तीन बळी घेतले आणि या वेळी करंडक चेन्नईचा झाला.

त्या रात्री पालघर-बोईसरमध्ये ‘आपण जिंकलो’ म्हणणारे बरेच असतील. त्यातले जे २०१९ च्या रात्रीही ‘आपण हरलो’ म्हणाले होते, त्यांचा आनंद थोडा जास्त असणार.