आंब्याचे कलम आणि मोगऱ्याचे रोप : कोणाला काय लागते?



पावसाळा जवळ आला की रोपांसाठी देणगी देणारे अनेक जण विचारतात, "आदिवासी कुटुंबाला आंब्याची कलमे द्यावीत की मोगऱ्याची रोपे?" जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर शेतीचे काम पाहताना हा प्रश्न दर वर्षी माझ्यासमोरही येतो. त्याचे उत्तर घरागणिक बदलते. दोन्ही झाडे एकदा लावली की अनेक वर्षे टिकतात, दोन्हींना भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. पण त्यापुढे त्यांच्या गरजा फार वेगळ्या आहेत, आणि त्या समजल्याशिवाय दिलेले रोप पहिल्याच उन्हाळ्यात वाळून जाते.

जागा आणि खड्डा

आंबा मोठा होणारे झाड आहे. दोन कलमांत दहा मीटर अंतर ठेवले तर एकरात चाळीसच कलमे बसतात. केशर जातीची कलमे पाच मीटरवरही लावतात, पण मग पुढे छाटणी करून झाड आटोक्यात ठेवावे लागते. आपल्याकडच्या मुरमाड उतारावर एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा एप्रिल-मे महिन्यांत खणून उन्हात तापू द्यावा. नंतर त्यात वरची चांगली माती, पालापाचोळा आणि कुजलेले शेणखत भरावे. पाऊस लागला की कलम लावायचे, पण त्याचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडाखाली फुटणारे कोंब लगेच काढावेत. ते मूळ रायवळ आंब्याचे असतात आणि कलमाचे बळ खातात.

मोगऱ्याला फूट-दीड फुटाचा खड्डा पुरतो. चार-चार फुटांवर लावला तर दोनशे रोपे तीन गुंठ्यांत बसतात. ज्याची जमीन थोडी आहे त्याला हे परवडते. मात्र पाणी साचणारा खाचराचा तुकडा चालत नाही, मुळे कुजतात.

पाणी

या भागात पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो आणि मार्चपासून बायका हंडा घेऊन दूरच्या विहिरीवर जातात. म्हणून पाण्याचा हिशेब आधी मांडायला हवा.

आंब्याच्या लहान कलमाला उन्हाळ्यात आठवड्याला साधारण पंधरा लिटर पाणी द्यावे. वीस कलमांचे तीनशे लिटर झाले, म्हणजे पंधरा लिटरचे वीस हंडे. मुळाशी मडके पुरून त्यात पाणी भरले आणि आळ्यात पालापाचोळा पसरला तर पाणी कमी वाया जाते. असे तीन उन्हाळे काढले की मुळे खोल जातात आणि झाड बरेचसे आपल्या बळावर उभे राहते. मोठ्या आंब्याला तर पावसाळ्यानंतर काही काळ कोरडा जावा लागतो. त्या दिवसांत पाणी दिले तर मोहोराऐवजी पालवी फुटते.

मोगऱ्याचे उलट आहे. त्याचा बहर फेब्रुवारी-मार्चपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत असतो. म्हणजे विहिरी आटतात तेव्हाच त्याला नेमाने पाणी हवे. आठवड्यातून दोनदा, रोपाला चार लिटर धरले तरी दोनशे रोपांना सोळाशे लिटर लागतात. एवढे पाणी डोक्यावरून आणणे शक्य नाही. बंधारा, विहीर किंवा टाकी आणि ठिबकची नळी असेल तिथेच मोगरा द्यावा.

छाटणी

मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटव्यावर येतात. म्हणून नोव्हेंबरात पाणी तोडून, डिसेंबरच्या सुमारास झुडूप गुडघ्याच्या खाली छाटतात आणि मग शेणखत व पाणी देतात. जितके नवे फुटवे, तितक्या कळ्या. आंब्याचा मोहोर मात्र काही महिने जुन्या, पक्व झालेल्या काडीच्या टोकाला येतो. मोगऱ्यासारखी त्याची डिसेंबरात छाटणी केली तर त्या वर्षीचे फळ गेलेच. लहान आंब्याला पहिली तीन वर्षे मोहोर आला तरी तो खुडून टाकावा लागतो. आलेला मोहोर काढताना घरच्यांचा जीव तुटतो, पण तेवढे केले तर खोड भरते.

पैसा आणि माणसे

आंबा चौथ्या-पाचव्या वर्षी फळ देऊ लागतो आणि पुढे काही पिढ्या देत राहतो. मोगरा पुढच्याच उन्हाळ्यात थोड्या कळ्या देतो, तिसऱ्या वर्षापासून चांगला भरतो आणि दहा-बारा वर्षांत थकतो. कळ्या पहाटे, उमलण्याआधी तोडून त्याच दिवशी नाशिक किंवा दादरच्या फुलबाजारात पोचाव्या लागतात. सकाळी गाडी न येणाऱ्या पाड्यावर त्या तशाच सुकतात.

दिवाळीनंतर अनेक वारली, कातकरी आणि ठाकर कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. मुलांची शाळा सुटते आणि कलमाला पाणी घालणारे कोणी उरत नाही. पाणी असलेल्या घरात मोगरा नेमक्या त्याच महिन्यांत रोजचे काम आणि रोजचा पैसा देतो. कुटुंब गावात राहिले की आंब्याकडेही लक्ष राहते. म्हणूनच आम्ही जमेल तिथे आंब्याच्या मोकळ्या ओळींत मोगरा लावतो. पहिली तीन-चार वर्षे दोघांचे छान जमते. आंब्याला मोहोर धरू लागला की मोगऱ्याचे पाणी त्याच्या आळ्यात जाऊ देऊ नये, एवढे सांभाळायचे. पुढे आंब्याची सावली वाढते, तोवर मोगऱ्याचेही वय झालेले असते.

म्हणून रोपे देण्याआधी आम्ही घरी जाऊन तीन गोष्टी विचारतो. मार्चनंतर पाणी कुठून आणता? डिसेंबर ते मे घरी कोण असते? सकाळची गाडी किती लांब थांबते? पाणी, माणूस आणि गाडी तिन्ही असतील तर दोन्ही झाडे देतो. पाणी थोडे पण माणूस घरी असेल तर मोजकी आंब्याची कलमे आणि मडकी देतो. घरी कोणीच राहणार नसेल तर आधी पाण्याची आणि कामाची सोय पाहतो, रोपे पुढच्या वर्षी.

आपण आंब्याच्या कलमासाठी देणगी देता तेव्हा त्यासोबत तीन उन्हाळ्यांचे पाणी, मडके आणि शेळ्यांपासून राखणारे काटेरी कुंपण हेही धरावे. मोगऱ्यासाठी देताना टाकी आणि नळी धरावी. कलमे थोडी कमी झाली तरी चालतील. यंदाच्या जूनमध्ये लावलेली पुढच्या जूनमध्येही हिरवी दिसावीत, यासाठी आपली मदत आणि प्रार्थना असू द्या.