डेटाबेसचा कॉलम आणि प्रोग्रामिंगचा टाइप: ही जोडी जुळली नाही तर काय होतं?

फोनवर एखादा फॉर्म भरताना तुम्ही नाव, मोबाईल नंबर, जन्मतारीख टाकता आणि ‘सेव्ह’ दाबता. इथून पुढे ही माहिती दोन वेगळ्या दुनियांमध्ये ये-जा करते. एक दुनिया डेटाबेसची, जिथे ती साठवली जाते. दुसरी प्रोग्रामिंग लँग्वेजची, जिथे अ‍ॅप तिच्यावर काम करतं. दोन्हीकडची मापं वेगळी आहेत. पायलीभर धान्य शेराच्या मापात ओतलं तर सांडणारच, तसंच इथेही होतं. फरक एवढाच की सांडलेलं धान्य दिसतं, सांडलेला डेटा बरेचदा दिसतच नाही.

आज आपण हीच जोडी, म्हणजे टाइप मॅपिंग, सोप्या भाषेत समजून घेणार आहोत. कोडिंग येत नसेल तरी चालेल.

टाइप म्हणजे नेमकं काय?

डेटाबेसमधलं टेबल म्हणजे शाळेच्या हजेरीपटासारखा तक्ता समजा. प्रत्येक कॉलममध्ये कोणत्या प्रकारची माहिती येणार हे आधीच ठरवलेलं असतं: आकडा, मजकूर, तारीख वगैरे. हा झाला कॉलमचा टाइप. जावा, कोटलिन, पायथन या लँग्वेजमध्येही प्रत्येक किमतीला टाइप असतो. पण दोन्हीकडचे टाइप वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या गरजांसाठी बनवले. त्यामुळे नावं सारखी असली तरी आतलं माप सारखं असेलच असं नाही.

तुमच्या फोनमधला डेटाबेस

अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींमध्ये एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस असतो. डी. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली आणला. त्यात माहिती फक्त पाच प्रकारांत साठते: नल, इंटिजर, रिअल, टेक्स्ट आणि ब्लॉब. अँड्रॉइड अ‍ॅप बनवणारे बरेच जण गुगलची रूम ही लायब्ररी वापरतात. ती कोटलिनचे टाइप असे जोडते:

- इंट, लाँग: इंटिजर
- फ्लोट, डबल: रिअल
- स्ट्रिंग: टेक्स्ट
- बाइटअ‍ॅरे: ब्लॉब
- बूलियन: इंटिजर (हो म्हणजे १, नाही म्हणजे ०)

तारखेसाठी इथे वेगळा प्रकारच नाही. ती आकड्यात किंवा मजकुरात कशी बदलायची हे डेव्हलपरला स्वतः लिहून द्यावं लागतं. त्याला टाइप कन्व्हर्टर म्हणतात.

यादी सोपी दिसते ना? आता खड्डे कुठे आहेत ते बघू.

मोबाईल नंबर हा ‘नंबर’ नाहीच

कोटलिनचा इंट ३२ बिटचा असतो. त्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ एवढा आकडा मावतो. आपले मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात आणि दहा अंकी असतात. म्हणजे भारतातला एकही मोबाईल नंबर इंटमध्ये बसत नाही!

एसक्यूलाइटचा इंटिजर मात्र ६४ बिटपर्यंत जातो. त्यामुळे ९८७६५४३२१० तिथे व्यवस्थित साठतो. पण अ‍ॅपने तोच इंट म्हणून वाचला तर अँड्रॉइडमध्ये वरचे बिट कापले जातात आणि हाती येतं १२८६६०८६१८. एरर नाही, सूचना नाही. ओटीपी भलत्याच ठिकाणी पाठवला जाईल किंवा जाणारच नाही.

मायएसक्यूएलची तऱ्हा वेगळी. तिथे स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर मोठा आकडा कापून थेट २१४७४८३६४७ करून साठवला जातो. मग टेबलात शंभर जणांचा नंबर एकच दिसतो. आवृत्ती ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड आपोआप सुरू असतो, म्हणून आता एरर येते. एरर आली की मला बरंच वाटतं, कारण निदान चूक कळते तरी.

ही मर्यादा मोठमोठ्यांनाही भेटली आहे. २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’चे व्ह्यूज याच आकड्यापर्यंत पोचले, तेव्हा यूट्यूबला काउंटर ६४ बिटचा करावा लागला. जावास्क्रिप्टमध्ये अचूक पूर्णांकाची हद्द ९००७१९९२५४७४०९९१ आहे. ट्विटरचे आयडी त्यापुढे जाणार म्हटल्यावर २०१० मध्ये कंपनीने प्रत्येक आयडी मजकूर म्हणूनही द्यायला सुरुवात केली.

माझी साधी कसोटी अशी: या आकड्याची बेरीज-वजाबाकी कधी करणार आहोत का? नसेल, तर तो मजकूर आहे. मोबाईल नंबर, खाते क्रमांक, पिनकोड, सीट नंबर सगळे टेक्स्टमध्ये ठेवा. सुरुवातीचे शून्यही तसेच राहतात.

इथे एसक्यूलाइटची एक गंमत सांगतो. कॉलमचा टाइप ‘टेक्स्ट’ऐवजी ‘स्ट्रिंग’ असा लिहिला, तर एसक्यूलाइट तो आकड्यांचा कॉलम समजतो. मग ००१२३ चं १२३ होतं. नाव मजकुराचं, वागणं आकड्याचं!

पैसे: दशांशचिन्हाचा घोळ

फ्लोट आणि डबल हे टाइप आकडा बायनरीत ठेवतात. ०.१ हा आकडा बायनरीत पूर्ण मांडताच येत नाही, जसा एक भागिले तीन दशांशात संपत नाही. म्हणून पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये ०.१ + ०.२ केलं तर ०.३०००००००००००००००४ असं उत्तर येतं.

एका व्यवहारात हे जाणवणार नाही. पण हजारो व्यवहारांची बेरीज केली की पैशांचा हिशोब जुळत नाही. म्हणून मोठ्या डेटाबेसमध्ये पैशांसाठी डेसिमल टाइप असतो. त्याची जोडी जावामध्ये बिगडेसिमल आणि पायथनमध्ये डेसिमल. डेटाबेसमध्ये डेसिमल ठेवून कोडमध्ये डबल घेतलं तर सगळी मेहनत पाण्यात.

एसक्यूलाइटमध्ये असा डेसिमल प्रकार साठवायची सोय नाही. तिथे सरळ उपाय म्हणजे पैसे पैशांतच मोजायचे: ४९९.५० रुपये म्हणजे ४९९५० पैसे, पूर्णांक.

मराठी नाव किती लांब?

‘श्रीकृष्ण’ हे नाव आपण तीन अक्षरांचं म्हणतो: श्री, कृ, ष्ण. युनिकोडच्या हिशोबात मात्र श, हलन्त, र, वेलांटी असं सुटं सुटं मोजलं जातं आणि संख्या ९ होते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण २७ बाइट.

आता २० लांबीचा कॉलम घ्या. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये २० म्हणजे २० चिन्हं, नाव सहज बसतं. ओरॅकलमध्ये मुळात २० म्हणजे २० बाइट धरले जातात, तिथे तेच नाव बसत नाही. इंग्रजी नावांवर टेस्टिंग केलेलं अ‍ॅप मराठी नावावर अडतं, त्यामागे हे एक कारण असू शकतं.

इमोजीला तर ४ बाइट लागतात. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ तीनच बाइटपर्यंत जायचा. २०१० मध्ये ‘यूटीएफ८एमबी४’ आला आणि २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून तोच आपोआप लागू असतो.

रिकामं म्हणजे शून्य नव्हे

परीक्षेला गैरहजर असणं आणि शून्य मार्क मिळणं यात फरक आहे की नाही? डेटाबेसमध्ये ‘माहिती नाही’ यासाठी नल असतो. पण जावामध्ये जेडीबीसीच्या गेटइंटने नल वाचला तर ० मिळतो! तो खरा शून्य होता की नल, हे वॉझनल वापरून वेगळं विचारावं लागतं. ते विचारलं नाही तर आजारपणामुळे पेपर न दिलेल्या मुलाला निकालात शून्य मिळतं. कोटलिनमध्ये टाइपपुढे प्रश्नचिन्ह लावलं की नल चालतो, आणि कंपायलरच आठवण करून देतो.

वाढदिवस एक दिवस आधी!

जन्मतारीख ही फक्त तारीख आहे, तिला वेळ नसते. पण बरेच जण ती जावास्क्रिप्टच्या डेट टाइपमध्ये ठेवतात, ज्यात वेळही असते. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. १५ जून रात्री बाराची वेळ यूटीसीत बदलली की १४ जून संध्याकाळचे साडेसहा होतात. त्यातली तारीख तेवढी साठवली तर जन्मतारीख एक दिवस मागे जाते. दुसऱ्या कागदपत्राशी ती जुळली नाही की अर्ज नाकारला जाऊ शकतो, आणि हेलपाटे तुम्हाला!

यावर उपाय म्हणजे डेट कॉलमची जोडी निव्वळ तारखेच्या टाइपशी लावा. जावा आणि कोटलिनमध्ये त्यासाठी लोकलडेट आहे.

लक्षात ठेवायचं थोडक्यात

- कॉलमचं माप मोठं असेल तर कोडमधलं मापही तेवढंच मोठं घ्या.
- हिशोब करायचा नाही तो आकडा मजकूर समजा.
- पैशांसाठी फ्लोट किंवा डबल नको.
- कॉलममध्ये नल चालत असेल तर कोडमध्येही त्याला जागा द्या.
- टेस्ट करताना जोडाक्षरांचं मराठी नाव, इमोजी आणि खरा दहा अंकी नंबर नक्की टाका.

तुमच्यापैकी कुणी पहिलं अ‍ॅप बनवत असेल, तर टेबल तयार करण्याआधी एक कागद घ्या. डावीकडे कॉलम, उजवीकडे लँग्वेजचा टाइप आणि मधे ‘काय सांडू शकतं?’ हे लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. तेवढ्याने कुणाचं तरी नाव, कुणाचे पैसे आणि कुणाचा तरी वाढदिवस जागच्या जागी राहील.